जुना मोबाईल आणि शेजारधर्म



आज बहुतेक घरांत एक तरी जुना मोबाईल पडून असतो. कपाटाच्या खणात, देव्हाऱ्याखालच्या पेटीत किंवा शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये. स्क्रीन तडकलेली असते, बॅटरी टिकत नसते, किंवा मुलाने नवा घेऊन दिलेला असतो. कुणी म्हणतो, ‘राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल.’ कुणी दारी आलेल्या भंगारवाल्याला तो रद्दीबरोबर देऊन टाकतो.

ह्या छोट्याशा वस्तूबद्दल आपली काही मते ठरून गेलेली आहेत. चहा पिताना, लोकलमध्ये, लग्नाच्या मांडवात ती आपण सहज बोलून जातो. त्यांपैकी तीन मते आज तपासून पाहू या. ती अशी :

१) ‘माझ्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’
२) ‘माझ्या एका मोबाईलने काय फरक पडणार?’
३) ‘कायदे आहेत ना? मग सरकारने बघावे.’

पहिले मत गोपनीयतेबद्दल आहे, दुसरे पर्यावरणाबद्दल आणि तिसरे धोरणाबद्दल. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. परंतु तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : हा मोबाईल फक्त माझा आहे आणि त्याचे बरेवाईट फक्त माझ्यापुरते आहे, असे आपण गृहीत धरतो. ते खरे आहे का?

पहिले मत : ‘माझ्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’

क्षणभर धरून चालू की आपल्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही. तरीही आपल्या मोबाईलमध्ये काय काय असते ते आठवू या. दोन-तीनशे माणसांची नावे व नंबर. बहिणीने डॉक्टरांना दाखवण्यासाठी पाठवलेला तपासणीचा अहवाल. शेजारणीने रात्री उशिरा पाठवलेला निरोप, ज्यात तिने घरातील भांडण मोकळेपणाने सांगितले आहे. भाचीच्या पहिल्या कम्युनियनचे फोटो आणि त्या फोटोंत उभी असलेली इतरांचीही मुले. भावाच्या जमिनीचा सातबारा. आईच्या आधार कार्डाचा आणि बँकेच्या पासबुकाचा फोटो.

ह्यातील किती गोष्टी ‘माझ्या’ आहेत? बहुतेक दुसऱ्यांच्याच आहेत. त्यांनी त्या विश्वासाने आपल्याकडे दिल्या. शेजाऱ्याने घराची किल्ली आपल्याकडे ठेवायला दिली, तर ‘मला काय, माझ्या घरात चोरण्यासारखे काही नाही’ असे म्हणून ती आपण रस्त्यावर टाकत नाही. मोबाईलमधली माहिती ही अशीच सोपवलेली किल्ली आहे.

गोपनीयता हे श्रीमंतांचे किंवा काहीतरी दडवणाऱ्यांचे खूळ आहे, असाही एक समज आहे. आपल्या देशात ह्या हक्कासाठी न्यायालयात कोण गेले ते पाहिले म्हणजे हा समज दूर होतो. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी ह्यांनी २०१२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, आधार योजनेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या प्रकरणातून गोपनीयतेचा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी घटनापीठाने एकमताने निर्णय दिला की, गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे आणि तो घटनेच्या २१ व्या कलमातील जीवनाच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात सामावलेला आहे. म्हणजे हा हक्क मासळी विकणाऱ्या मावशींचाही आहे आणि मोठ्या अधिकाऱ्याचाही.

पुढे २०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले व ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. बँका, कंपन्या, दुकाने ह्यांनी आपली माहिती कशी हाताळावी हे ह्या कायद्यात आहे. मात्र त्यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. ते योग्यच आहे. नाहीतर नातलगांचे नंबर ठेवायलाही परवानगी लागली असती. परंतु ह्याचा अर्थ असा की, शेजारणीचा तो निरोप आपण नीट सांभाळला की नाही, हे विचारायला ह्या कायद्याचा कुणी अधिकारी येणार नाही. ते काम कायद्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडले आहे.

‘पण मी सगळे डिलीट केले आहे’ असे आपण म्हणतो. येथे थोडी तांत्रिक माहिती हवी. आपण फोटो डिलीट करतो तेव्हा पुष्कळदा फक्त त्याची नोंद पुसली जाते. पुस्तकातील अनुक्रमणिकेचे पान फाडावे, पण प्रकरणे तशीच राहावीत, असा हा प्रकार. ती जागा दुसऱ्या माहितीने भरेपर्यंत जुने काही अंशी परत मिळवता येते. २०१४ साली ॲव्हास्ट ह्या संगणक-सुरक्षा कंपनीने बाजारातून २० जुने ॲण्ड्रॉइड फोन विकत घेतले. आधीच्या मालकांनी ते आपल्या परीने साफ करूनच विकले होते. तरीही त्यांतून ४०,००० हून अधिक फोटो परत मिळाले. त्यांपैकी दीड हजाराहून अधिक फोटोंत लहान मुले होती. चार मालकांची ओळख पटली आणि एका फोनमध्ये भरलेला कर्जाचा अर्जही सापडला.

त्यानंतर फोन सुधारले. अलीकडच्या फोनमधील माहिती सांकेतिक कुलपात ठेवलेली असते आणि ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावर त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. त्यामुळे नव्या पद्धतीचा फोन रीसेट करून दिला तर धोका फार कमी राहतो. परंतु आपल्या खणात पडलेले फोन पुष्कळदा दहा-बारा वर्षांपूर्वीचे असतात. शिवाय त्यांत राहून गेलेल्या मेमरी कार्डाला फोनचे कुलूप बहुधा नसतेच.

दुसरे मत : ‘माझ्या एका मोबाईलने काय फरक पडणार?’

आपल्या वसईच्या गावांतील बावखले आठवा. पावसाचे पाणी साठवणारी, विहिरींना पाझर देणारी ती तळी कुणी एका रात्रीत बुजवली नाहीत. एकाने राडारोडा टाकला, दुसऱ्याने केळीचे खुंट टाकले, तिसऱ्याने प्लास्टिकच्या पिशव्या. प्रत्येकाची टोपली लहानच होती. पुढे त्यांतील काहींवर इमारती उभ्या राहिल्या, आणि विहिरीचे पाणी का बदलले म्हणून आपण हळहळत बसलो.

जुन्या विद्युत उपकरणांचा कचरा, म्हणजे ई-कचरा, असाच टोपली-टोपलीने साठत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ ह्या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यांपैकी फक्त २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन त्यावर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे.

मग उरलेला जातो कुठे? भारतातील पुष्कळसा ई-कचरा हातोहात फिरत दिल्लीतील सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातील मुरादाबादसारख्या ठिकाणी पोहोचत आला आहे. मुरादाबाद हे पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध शहर. तेथे रामगंगेच्या परिसरात सर्किट बोर्ड जाळून त्यांतील तांबे वेगळे करण्याचा उद्योग अनेक वर्षे चालला. सीलमपूरच्या गल्ल्यांत तारा सोलणे, बोर्ड तोडणे, आम्लात बुडवून धातू काढणे ही कामे हाताने केली जातात. शिसे, कॅडमियम आणि जळणाऱ्या प्लास्टिकचा विषारी धूर कामगारांच्या फुप्फुसांत जातो. उरलेले आम्ल व राख माती-पाण्यात जाते. शिशाचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ई-कचऱ्याजवळ वावरणाऱ्या मुलांविषयी आणि गरोदर स्त्रियांविषयी स्वतंत्र अहवाल काढून इशारा दिला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या दारी येणारा भंगारवाला ह्यात गुन्हेगार नाही. तो वजनावर भाव देतो, घाम गाळून पोट भरतो, आणि त्याच्यामुळे आपला पुष्कळसा कागद, लोखंड व काच पुन्हा वापरात येते. ई-कचऱ्यातील विष हाताळण्याची साधने मात्र त्याच्याकडे नाहीत. ती नसलेल्या माणसाच्या हाती ते विष द्यायचे की नाही, हे ठरवणे आपल्याकडे आहे.

आणि ह्या वस्तूत विषच नाही, धनही आहे. जपानने टोकियो ऑलिंपिकसाठी एक उपक्रम केला. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ ह्या काळात लोकांकडून ७८,९८५ टन जुनी छोटी उपकरणे आणि सुमारे ६२ लाख जुने मोबाईल गोळा झाले. त्यांतून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ निघाले. २०२१ साली झालेल्या त्या स्पर्धांची सुमारे ५,००० पदके ह्याच धातूंतून तयार झाली. नीरज चोप्रा ह्यांचे सुवर्णपदक आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. कुणाच्या तरी खणात पडून असलेल्या मोबाईलचा अंश त्या पदकात आहे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले. वापरा आणि फेकून द्या ही सवय वस्तूंपाशी थांबत नाही, ती माणसांपर्यंत पोहोचते, हा त्यातील एक महत्त्वाचा विचार आहे. सीलमपूरच्या गल्लीत तो डोळ्यांना दिसतो. आपण फेकलेली वस्तू आणि तिच्याजवळ बसलेले मूल, दोघेही आपल्या नजरेआड असतात.

तिसरे मत : ‘कायदे आहेत ना? मग सरकारने बघावे.’

कायदे आहेत, हे खरे. आपल्या देशात ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली आले, नंतर २०१६ साली सुधारले, आणि सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आधीच्या नियमांत २१ प्रकारच्या वस्तू होत्या. आता १०६ आहेत. ह्या नियमांचे मुख्य तत्त्व साधे आहे : जो वस्तू बनवून विकतो, त्याच्यावरच तिच्या शेवटाची जबाबदारी. कंपन्यांना ठरलेल्या हिशेबाने पहिली दोन वर्षे ६० टक्के, पुढील दोन वर्षे ७० टक्के आणि त्यानंतर ८० टक्के कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया झाल्याचे दाखवावे लागते. त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्रांकडून त्यांना प्रमाणपत्रे घ्यावी लागतात.

तत्त्व चांगले आहे. पण ही साखळी आपल्या खणापाशी येऊन अडते. कंपनी बांधलेली आहे, केंद्र नोंदणीकृत आहे. घरातील माणसाने मोबाईल दिलाच नाही, किंवा भलतीकडे दिला, तर केंद्राकडे माल येणार कुठून? कोणताही अधिकारी आपल्या घराचे ड्रॉवर उघडून पाहणार नाही, आणि त्याने पाहूही नये. तेव्हा गोपनीयतेच्या कायद्याप्रमाणेच येथेही शेवटची पायरी आपल्यालाच चढायची आहे.

आणि येथेच आपली पहिली दोन मते एकमेकांना भेटतात. काही माणसे सावध असतात. माहिती चोरीला जाईल म्हणून ती जुना मोबाईल कुणालाच देत नाहीत; तो वर्षानुवर्षे खणात पडून राहतो आणि त्याची बॅटरी फुगते. काही माणसे बेफिकीर असतात. ती मोबाईल आहे तसा देऊन टाकतात. माहितीही जाते आणि विषही पसरते. माहिती नीट पुसता आली, तर सावध माणसाची भीती जाईल आणि बेफिकीर माणसाचा शेजारी वाचेल. एकच कृती दोन्ही प्रश्नांना उत्तर देते.

मग नेमके काय करावे?

१) आधी दुरुस्तीचा विचार करा. मोबाईल तयार करतानाच त्याच्यामुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. म्हणून बॅटरी किंवा स्क्रीन बदलून फोन आणखी दोन वर्षे चालवणे हे सर्वांत चांगले. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे कंपन्यांच्या दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र देण्याचा हेतू होता. मात्र कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा येणे बंद झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका.

२) हवे ते काढून घ्या. फोटो, नंबर आणि प्रियजनांचे आवाज दुसऱ्या फोनमध्ये किंवा संगणकावर उतरवून घ्या, आणि ते उघडतात की नाही हे पाहा.

३) खात्यांतून बाहेर पडा. बँकेचे व पैसे पाठवण्याचे ॲप, ईमेल आणि इतर खाती बंद करा. गूगल किंवा ॲपलचे खाते फोनवरून काढा. नाहीतर पुढच्या माणसाला तो फोन सुरूच करता येणार नाही.

४) सिम कार्ड आणि मेमरी कार्ड काढा. सांगायला सोपे, पण हेच बहुतेक वेळा राहून जाते.

५) फॅक्टरी रीसेट करा. फोन फार जुना असेल, तर रीसेट केल्यावर भिंतीचा किंवा छताचा लांबलचक व्हिडिओ काढून त्याची जागा पूर्ण भरा आणि पुन्हा रीसेट करा. त्यामुळे जुन्या माहितीवर नवी बसते.

६) फोन सुरूच होत नसेल तर हातोडा मारू नका, छिद्र पाडू नका, जाळू नका. लिथियमची बॅटरी पेट घेते. बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावू नका. लहान मुलांपासून दूर, कोरड्या जागी ठेवून लवकर केंद्रात पोहोचवा.

७) योग्य हाती द्या. फोन चालू असेल तर गरजू विद्यार्थ्याला किंवा वयोवृद्धाला द्या. बंद असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात तो परत घेतात का, हे विचारा, किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतील नोंदणीकृत केंद्राकडे द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दबलेली बॅटरीही आग लावू शकते.

८) नंबर सोडत असाल तर विशेष काळजी घ्या. बंद केलेला मोबाईल नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. बँक, आधार, गॅस आणि पेन्शन ह्यांच्याकडे नवा नंबर नोंदवल्याशिवाय जुना सोडू नका. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ सेवेवर पाहता येते. हरवलेला फोन बंद पाडण्याची सोयही तेथे आहे. पैशांची फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे.

दिवंगतांचा मोबाईल

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. घरातील माणूस देवाघरी गेल्यावर त्याचा मोबाईल मागे राहतो. त्यात त्याचा आवाज असतो, शेवटचे फोटो असतात. तो कुणाला द्यावासा वाटत नाही, आणि उघडावासाही वाटत नाही. घाई करू नका. बँक, विमा आणि पेन्शनची कामे पूर्ण होईपर्यंत त्याचा नंबर चालू ठेवा. नंतर घरातील एका जबाबदार व्यक्तीने आठवणी जपून ठेवाव्यात. परंतु त्या माणसाला इतरांनी विश्वासाने लिहिलेले निरोप कुणी वाचत बसू नये. मृताची पत्रपेटी जशी आपण आदराने बांधून ठेवतो, तसाच आदर त्याच्या मोबाईललाही द्यावा. मग तो वरीलप्रमाणे साफ करून योग्य हाती सोपवावा.

थोडक्यात

आपल्या मोबाईलच्या आत शेजारी आहेत : ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला ते. मोबाईलच्या पलीकडेही शेजारी आहेत : ज्यांच्या हातून तो फुटणार आहे ते. आतले आपल्या ओळखीचे आहेत. पलीकडचे आपल्याला कधी भेटणार नाहीत. शेजारधर्म दोघांसाठी सारखाच आहे.

कुटुंबात व लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या घरात किती जुने मोबाईल, चार्जर व बॅटऱ्या पडून आहेत? त्या का पडून आहेत?
२) आपल्या फोनमध्ये दुसऱ्यांची कोणती माहिती आहे? ती ठेवण्याची खरोखर गरज आहे का?
३) दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो पुढे पाठवण्यापूर्वी आपण त्यांच्या आईवडिलांना विचारतो का?
४) आपल्या वाडीतील जुने मोबाईल एकत्र गोळा करून नोंदणीकृत केंद्राकडे नेण्याची जबाबदारी कोण घेईल? त्यापूर्वी ते साफ करण्यासाठी वयोवृद्धांना मदत करण्यास कोणते तरुण पुढे येतील?

ह्या आठवड्यात एवढेच करू या : आपला ड्रॉवर उघडू या आणि वयोवृद्ध शेजाऱ्यालाही त्याचा ड्रॉवर उघडायला मदत करू या. मोबाईल त्याच्यासमोरच साफ करावा, आणि करताना त्यातले काही वाचू नये.